मोठ्याने सांगितलेला आकडा

३ नोव्हेंबर

केंद्राचं पत्र आलं. ठिकठिकाणचे हौशी लोक आपापल्या गच्चीवरून तारे बघतात आणि आकडे पाठवतात, ते गोळा करणारी ही मंडळी. सव्वीस वर्षं आमचे आकडे मुकाट्याने घेतले आणि आज तिथल्या कुणा दिवट्याला कंठ फुटलाय. म्हणे, ‘आपल्या गटाच्या नोंदींत लाल तारा गेली दोन वर्षं आमच्या यंत्राच्या मोजणीपेक्षा सहा-सात दशांशांनी ठळक दिसतो आहे. कृपया कारण शोधावे. सहा महिन्यांत समाधानकारक खुलासा न आल्यास आपल्या गटाच्या नोंदी घेणे थांबवावे लागेल.’

कारण शोधावे! मी बसल्या जागी सांगते. यंत्र बिघडलंय.

आमचा लाल तारा वर्षातून एकदा फुलतो आणि मग विझत जातो. त्याच्या आसपास निळसर पांढरे तारे आहेत, त्यांचं तेज ठरलेलं, ते बदलत नाही. त्यांच्याशी ताडून बघायचं आणि आज आपला किती ते सांगायचं. आकडा लहान म्हणजे तारा ठळक, मोठा म्हणजे मंद. एवढंच काम, आणि त्याला फक्त डोळा लागतो. मी एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात छटा जुळवल्या. पिंपात चिमूटभर काळा जास्त पडला तर मी दारातून सांगायचे. आणि हे मला शिकवणार!

सव्वीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. पावसाळा सोडला तर एक महिना रिकामा नाही. त्या बंद करायच्या म्हणे. बघतेच कोण करतं ते.

७ नोव्हेंबर

आज चौघंही वर होतो. गच्चीवरची पत्र्याची खोली, तिचं छप्पर मागे ढकललं की झाली आमची वेधशाळा. दुर्बीण आठ इंची, मीच घेतलेली. घड्याळजी पहिल्या दिवसापासून सोबत आहे, बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान. आमच्याकडे वेळ सांभाळणं त्याचं काम. बेकरीवाल्याची भट्टी पहाटे तीनला पेटते, त्यामुळे हा गडी रात्री आठलाच जांभया देतो. आणि रक्तवाली. तपासणीच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना सुया टोचते. दीड वर्षापूर्वी आली, ‘मला शिकायचंय’ म्हणाली. शिकते कुठे? नाकाने कांदे सोलते.

आमची पद्धत अशी की बघून झालं की आकडा मोठ्याने सांगायचा, सात पूर्णांक दोन असला तर ‘सात-दोन’. मी आधी सांगते, तेवढा मान आहे मला. आज म्हटलं, “सात-दोन.” घड्याळजीने बघितलं आणि म्हणाला, “सात-दोन.” बेकरीवाला म्हणाला, “सात-दोनच, बाई.” रक्तवाली मात्र डोळा लावून बसली ती बसलीच. मग हळूच, “मला सात-नऊ वाटतोय.”

सात-नऊ! यंत्राचाही परवाचा आकडा तोच. म्हणजे दोघांना एकच रोग झालाय. गटापेक्षा तीन दशांशांहून जास्त फरक असला की तो आकडा बाद, हा नियम. लाल शाईने एक सरळ रेघ मारली. तिचा हा तेविसावा. खाडाखोड आमच्यात चालत नाही, कापलेला आकडाही वाचता आला पाहिजे, हा नियमसुद्धा मीच केलाय. एवढी नेकी त्या केंद्रात कुणाकडे आहे?

१० नोव्हेंबर

स्वयंपाकघरात पुन्हा अंधार. ह्यांनी या वर्षात तिसऱ्यांदा दिवा बदलला, दर वेळी आधीच्याहून मोठा. काडीचा फरक नाही. हल्ली दिवेसुद्धा पाणी घालून विकतात की काय कोण जाणे. रस्त्यावरच्या दिव्यांची तर कथाच सांगू नका. प्रत्येकाभोवती केसाळ पिवळं कडं. नगरपालिकेला ते पुसायला माणूस मिळत नाही.

ह्यांचे पांढरे शर्ट पिवळे पडलेत. “धुता काय त्यात?” म्हटलं. ह्यांनी आधी शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आजच घडी मोडली गं याची.” मग दुकानदाराने गंडवलं तुम्हाला, दुसरं काय! ह्यांना कुणीही गंडवतं.

२४ नोव्हेंबर

डोकं तापलंय, तरी लिहितेच.

आज लघुग्रह जायचा होता. मोठ्या इमारतीएवढा धोंडा, चंद्राच्याही पलीकडून जाणार, पण आकाशाच्या हिशेबाने अगदी कुंपणाला घासून. केंद्राने नकाशा पाठवला होता. आठ चाळिसाच्या सुमारास तो दोन ताऱ्यांच्या मधून जाईल, नेमका कधी गेला ते सेकंदांत कळवा. त्यावरून त्याची वाट पक्की करतात.

मी दहा मिनिटं आधीपासून डोळ्यात तेल घालून बसले. दोन तारे होते, मधे काही नव्हतं. “काही नाही,” मी सांगून टाकलं. घड्याळजी हातात स्टॉपवॉच घेऊन वाकला, चांगला मिनिटभर वाकून राहिला. मग म्हणाला, “हं. काही नाही.” बेकरीवाला म्हणाला, “नाही दिसत.” मग रक्तवालीने डोळा लावला आणि ओरडलीच, “आहे की! सरकतोय. आता मधोमध येतोय. वेळ घ्या, वेळ घ्या!”

घड्याळजीने घड्याळ दाबलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “पुरे झाला तमाशा. तिघांना दिसत नाही आणि तुला एकटीला दिसतं? डोळे तपासून घे आधी. तोपर्यंत वर पाऊल टाकू नकोस.”

“बाई, खरंच आहे हो. तुम्ही परत एकदा बघा ना.”

मी छप्पर ओढून घेतलं. ती गेली. बेकरीवाला बुटाच्या नाड्या बांधत बसला, त्याच्या बुटांना नाड्या नाहीत.

जरा जास्त बोलले का मी? असेन. पण शिस्त नावाची काही चीज असते.

२५ नोव्हेंबर

केंद्राला कळवलं: ‘सांगितलेल्या जागी लघुग्रह नव्हता. गणित तपासावे.’ बसा आता बोंबलत.

१६ डिसेंबर

रक्तवाली गेल्यापासून काय शांतता आहे! आज सहा-आठ, सहा-आठ, सहा-आठ. तिघांचा एकच आकडा. गेल्या तीन आठवड्यांत एकदाही दशांशाचा फरक नाही. केंद्राला लांबलचक पत्र लिहिलं की तीन स्वतंत्र निरीक्षकांचं इतकं एकमत असताना यंत्रावर विश्वास ठेवणं म्हणजे निव्वळ आळस. पत्र घड्याळजीला वाचून दाखवलं. ‘स्वतंत्र’ शब्दाशी तो खोकला. त्याची छाती पहिल्यापासून नाजूक आहे.

११ जानेवारी

जुन्या कारखान्यात गेले होते. आमच्यातला एक जण निवृत्त झाला, त्याचा निरोप. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी आता तिथली मुख्य आहे. ती म्हणाली, “बाई, एकदा दाखवा ना या नवीन मुलांना.” आणि माझ्यापुढे दहा निळ्या पट्ट्यांचा ट्रे ठेवला. फिकटपासून गडदपर्यंत क्रमाने लावायच्या. हे मी झोपेतही करायचे.

वीस सेकंदांत लावल्या. खोलीत अशी शांतता पसरली की टाचणी पडली तर ऐकू यावी. सगळे थक्क! त्या पोरीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. फक्त ट्यूबलाइट भिकार होती, तेवढं मी सुनावलं. निघताना तिने माझा हात धरून ठेवला, सोडेचना.

रात्री हे कुणाशी तरी फोनवर कुजबुजत होते. मला बघून म्हणाले, “राँग नंबर.” दहा मिनिटांचा राँग नंबर मी पहिल्यांदा ऐकला.

१९ जानेवारी

ह्यांनी मला फसवलं. “माझ्या डोळ्यांना खाज येते, सोबत चल” म्हणाले. दवाखान्यात जाऊन बघते तर कागदावर नाव माझं!

डोळ्यांची डॉक्टर आमच्या मुलीपेक्षा लहान. तिने बत्ती मारली आणि म्हणाली, “दोन्हीकडे मोतीबिंदू आहे आजी. उजवीकडचा जास्त, चांगला पिवळा झालाय. दोन-तीन वर्षं तरी झाली असणार.” आजी म्हणे! मी सांगितलं की दोन-तीन वर्षं मी याच उजव्या डोळ्याने आकाश बघते आहे, माझ्या नोंदी जगभर जातात. ती म्हणाली, “हो का? छान.” पिवळेपणाबद्दल आणखी काहीतरी सांगत होती, मी लक्ष दिलं नाही.

घरी आल्यावर म्हटलं, मी काही कापून घेणार नाही. तर ह्यांनी आवाज चढवला. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. “तू जिन्यावरून पडलीस तर मी काय करू?” आणि एकदम रडायलाच लागले. आता माणूस रडायला लागल्यावर काय बोलणार? हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी

काल उजवा डोळा केला. आज पट्टी निघाली.

भिंत पांढरी आहे. दवाखान्याची चादर पांढरी, आणि कडेची रेघ निळी. अशी निळी की मला हसू फुटलं. ही छटा मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती आणि बघितली नाही हे मला माहीतच नव्हतं. ह्यांचा शर्ट पांढराशुभ्र. मी उजवा डोळा झाकला, तर तोच शर्ट चहात बुचकळून काढल्यासारखा. डावा झाकला, शुभ्र. असं पाच-सहा वेळा केलं. हे समोर उभे, कवायत केल्यासारखे.

“दुकानदाराने गंडवलं होतं ना?” हे म्हणाले. 

निळ्या पट्ट्या आठवल्या. सगळा क्रम चुकला असणार. थक्क झाले होते म्हणे सगळे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरने परवानगी दिली, वर गेले. एकटीच. नव्या डोळ्याने लाल तारा आठ-आठ. डाव्याने बघितला तर आठ-चार.

कळायला वेळ लागला नाही, छटा जुळवणाऱ्या बाईला एवढं कळतं. पिवळ्या काचेतून बघितलं की निळे तारे दबतात, लाल तसाच राहतो. म्हणजे तो उगाच वर चढल्यासारखा दिसतो. दोन वर्षं मी पिवळी काच लावून बसले होते आणि यंत्राला शिव्या घालत होते.

मग मनात आलं की डाव्या डोळ्याने चूक किती होते ते मोजावं आणि जुने आकडे दुरुस्त करावेत. पण मी जन्मभर बघितलं उजव्याने. त्याचं पिवळं भिंग डॉक्टरच्या कचऱ्याच्या डब्यात गेलं. आता मोजणार काय, कप्पाळ!

पण घड्याळजी आणि बेकरीवाल्याचे आकडे माझ्याशी कसे जुळले? त्यांना काय मोतीबिंदू झालाय?

२४ फेब्रुवारी

घड्याळजीच्या दुकानात गेले. डोळ्याला भिंग अडकवून बसला होता. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून तो जागेवर बसवला, हात न थरथरता. मी दारात उभी राहून ते बघितलं. दिवसातले दहा तास हे करणारा माणूस. याला दिसत नाही?

मी सरळ विचारलं, “त्या दिवशी तो धोंडा तुम्हाला दिसला होता?”

त्याने भिंग काढलं, पुसलं, परत पुसलं. “दिसला होता.”

“आणि बेकरीवाल्याला?”

“त्यालाही. जिन्यात बोललो आम्ही.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही नाही म्हणालात ना.”

“आणि लाल तारा?”

“बाई, तुम्ही आकडा आधी सांगता. आता तुम्ही सात-दोन म्हटल्यावर मी सात-नऊ म्हणू? सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला तुमचाच बरोबर असायचा हो. मग सवय झाली. नंतर नंतर मी नीट बघतसुद्धा नव्हतो.”

मी त्याला भित्रा म्हटलं, लाचार म्हटलं, आणखी पुष्कळ काही म्हटलं. तो ऐकून घेत राहिला. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की हे ऐकून घेणंही त्याला मीच शिकवलंय.

२ मार्च

वही उघडली. दोन वर्षांत माझे एकसष्ट आकडे, त्या दोघांचे तेवढेच. सगळे शेण. खरे आकडे तेवीसच, माझ्या लाल रेघांच्या खाली. एकेक यंत्राच्या आकड्याशी ताडून बघितला. कुठेही दीड दशांशाहून जास्त फरक नाही. शिकत नाही म्हणायचे मी तिला.

१० मार्च

रक्तवालीकडे जायला हवं. उद्या जाईन.

१८ मार्च

गेले नाही. पाय दुखत होता. खोटं आहे, पाय ठणठणीत आहे. घरापासून दोन चौक लांब तो दवाखाना आणि मी भाजी आणायला उलट्या बाजूने वळसा घालून जाते आहे. हे काही विचारत नाहीत, फक्त पिशवी घेतात.

९ एप्रिल

शेवटी देवानेच ढकललं. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायचं होतं. चिठ्ठीवर दवाखाना तोच. नंबर लागला, आत गेले, आणि खुर्चीसमोर ती.

“बसा. बाही वर करा. मूठ आवळा.” ओळख दाखवली नाही, पण शीरही पहिल्या टोचणीत मिळाली. दुखलं नाही. मला वाटलं होतं, दुखवेल. मी दुखवलं असतं.

सुई आत होती तेव्हाच मी बोलले, नाहीतर धीर झाला नसता. “तो धोंडा होता. तुला दिसला तसाच होता.”

“हो.”

“मोतीबिंदू मला झाला होता. चूक माझी होती. तुझे तेवीसच्या तेवीस आकडे बरोबर आहेत.”

तिने नळी भरली, चिठ्ठी चिकटवली, कापूस दाबला. “दाबून धरा. पाच मिनिटं.”

“त्या दिवशी किती वाजता गेला तो?”

“आठ बेचाळीस आणि दहा सेकंद. पण माझ्या मनगटावरच्या घड्याळात. ते अचूक वेळेशी मिळवलेलं नव्हतं, म्हणून उपयोग नाही.”

साडेचार महिन्यांनी सेकंदासकट पाठ! म्हटलं, “घरून बघतेस ना अजून? तुझी वही दे मला. केंद्राला पाठवते, तुझ्या नावाने.”

“नाही बघत. बंद केलं.”

“का?”

“तुम्ही म्हणालात डोळे तपासून घे. दुसऱ्या दिवशी गेले. सगळं उत्तम आहे म्हणाले.” ती पुढच्या पेशंटची नळी तयार करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. “मग वाटलं, डोळे चांगले असूनही मला चुकीचंच दिसत असेल, तर हे काम माझं नाही.”

बाहेर पुढच्याचा नंबर पुकारला. मी उठले. माफ कर म्हणाले की नाही ते आठवत नाही. बहुतेक म्हणाले. एवढ्या हळू म्हणाले असेन की तिला ऐकू गेलं नसेल, आणि एरवी माझा आवाज तीन मजले जातो.

१२ एप्रिल

केंद्राला पत्र टाकलं. मसुदा इथे उतरवून ठेवते.

‘माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. यंत्र ठीक आहे. गेल्या दोन वर्षांतल्या माझ्या एकसष्ट नोंदी रद्द कराव्यात. आमच्या इतर दोन निरीक्षकांच्याही रद्द कराव्यात, कारण मी आकडा आधी मोठ्याने सांगत असे आणि त्या माझ्याच आहेत. नोव्हेंबरात लघुग्रह नव्हता असे मी कळवले, तो होता. सोबत तेवीस नोंदी पाठवत आहे. त्या मी कापल्या होत्या. त्या ज्या निरीक्षिकेच्या आहेत तिचे नाव खाली दिले आहे, माझे नव्हे.’

दोन प्रती केल्या. एक रक्तवालीसाठी तिच्या दवाखान्याच्या खिडकीत देऊन आले, आत गेले नाही. त्या दोघांना बोलावून सांगितलं की इथून पुढे तोंड उघडायचं नाही, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि डब्यात टाकायचं. बेकरीवाला म्हणाला, “म्हणजे आता खरंच बघावं लागणार?” अर्थात बघावं लागणार, गाढवा.

२८ एप्रिल

डावा डोळाही झाला. केंद्राचं उत्तर आलं, दोन ओळींचं. खुलासा मिळाला, नोंदी घेणं चालू राहील, रद्द करायच्या त्या केल्या. सव्वीस वर्षांच्या ओळीत आता दोन वर्षांचं भगदाड, आणि त्यात तेवीस ठिपके. आभारसुद्धा मानलेत. मेल्यांना आभार मानायला काय जातं?

११ मे

ती आली.

मी वर एकटीच होते. जिन्यात चाहूल लागली तेव्हा वाटलं, हे चहा घेऊन आले. दारात ती, कामावरचेच कपडे, पर्स छातीशी धरलेली. “तारा बघायला आलेय,” म्हणाली. माझ्याकडे आलेली नाही हे तिने असं साफ सांगितलं. बरं केलं. मी स्टूल पुढे सरकवलं आणि बाजूला झाले.

तिने बराच वेळ बघितलं. मग चिठ्ठी घेतली, पेन्सिल टेकवली आणि थांबली. “बाई, तुम्हाला किती वाटला?”

माझ्या आकड्यावर न जाता आपला आकडा सांगणारी आमच्या चौघांत ही एकटीच होती.  हे मी केलंय, हे मोतीबिंदूने नाही केलेलं.

“सांगणार नाही,” मी म्हटलं. “तुझा लिही.”

“पण अंदाजे तरी...”

“सांगणार नाही म्हटलं ना! मेले तरी सांगणार नाही. लिही.”

ती परत वाकली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ बघितलं. मी पाठ करून उभी राहिले, तोंडावर हात ठेवून, कारण माझा काही भरवसा नाही. तिने लिहून चिठ्ठी डब्यात टाकली. मग मी बघितला आणि माझी टाकली. डबा उघडला. माझा नऊ-तीन, तिचा नऊ-पाच.

माझे डोळे आता नवे कोरे आहेत. मला अजूनही वाटतं की तिचंच चुकलंय. दोन्ही आकडे वहीत उतरवले, तिचा वरच्या ओळीत, आणि तसेच पाठवून दिले.